विश्लेषण : पेठचा रेडिओ श्रोता मोजला जातो का?

पेठच्या बाजारात एखाद्या दुकानात दिवसभर रेडिओ वाजत असला, तरी साप्ताहिक रेटिंगमध्ये त्याची नोंद होत नाही. टॅम मीडिया रिसर्चने २००७ मध्ये सुरू केलेली ‘रॅम’ ही मोजणी मुंबई, दिल्ली, बंगळूरु आणि कोलकाता या चार शहरांपुरती होती. नाशिक शहरच त्यात नव्हते, मग पेठ कुठून असणार?

मोजतात कसे?

टीव्हीला मीटर जोडता येतो. रेडिओ मात्र खिशात, रिक्षात, टपरीवर वाजतो. म्हणून ‘रॅम’मध्ये प्रत्येक शहरातील १२ वर्षांवरील ४८० जणांना डायरी दिली जात असे. कोणते केंद्र, किती वाजता, घरी की प्रवासात, हे १५-१५ मिनिटांच्या चौकटीत भरायचे. अडचण उघड आहे. रोजच्या रोज न लिहिता नंतर आठवून लिहिले, की गाजलेल्या केंद्राचेच नाव आधी सुचते. निवेदक दर दोन गाण्यांमागे केंद्राचे नाव का घेतात, ते यावरून कळावे! अमेरिकेतील मोठ्या शहरांत खिशात बाळगायचे यंत्र प्रक्षेपणात मिसळलेला, कानाला न जाणवणारा संकेत टिपते. तिथे स्मरणशक्तीवर भिस्त नसते.

‘नंबर वन’ कोण?

समजा, १०० पैकी ४० जणांनी आठवड्यात एक केंद्र फक्त १५ मिनिटे ऐकले. दुसरे २० जणांनीच ऐकले, पण प्रत्येकी पाच तास. पहिल्याची पोहोच दुप्पट. ऐकण्याच्या एकूण वेळेत मात्र दुसरे दहापट पुढे. दोघेही स्वतःला अव्वल म्हणवू शकतात. जाहिरातीच्या दहा सेकंदांचा भाव ठरवताना विक्री विभाग सोयीचाच आकडा पुढे करतो.

पेठला काय फरक पडतो?

एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे सह्याद्रीच्या डोंगररांगांमागे आवाज खरखरतो. ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवरून ऐकले तर सर्व्हरवर नोंद होते, पण त्यासाठी मोबाइलला रेंज हवी. आकाशवाणीचा स्वतःचा श्रोता संशोधन विभाग आहे. पाड्यांवरच्या श्रोत्यांची पाहणी करायची तर ती त्यानेच करावी. कारण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही गेल्यावर सेलवरच्या रेडिओवर येणारी बातमी आकाशवाणीचीच असते. ती किती पाड्यांवर नीट ऐकू येते, हे जाहिरातदारापेक्षा तहसील कार्यालयाला आधी कळायला हवे.