हापशाला पाणी कोण चढविते?

एप्रिल उजाडला की मराठवाड्यासह राज्याच्या दुष्काळी पट्ट्यात ‘हापसा आटला’ अशा तक्रारी सुरू होतात. विंधनविहिरीतील पाणी संपलेच असेल तर इलाज नाही. मात्र कित्येकदा तळाशी पाणी असते आणि पंपापर्यंत ते पोहोचत नाही. ही अडचण समजून घ्यायची तर पंप पाणी ओढतो, हा समज आधी सोडावा लागतो.

दट्ट्या वर गेला की त्याखालच्या पोकळीतील दाब घटतो आणि बाहेरची हवा पाण्याला त्या पोकळीत ढकलते. पंपाचे काम एवढेच. हवेचे हे बळ किती, ते इटलीच्या टॉरिसेलीने सतराव्या शतकात पाऱ्याच्या नळीने दाखवून दिले. समुद्रसपाटीला हवा पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलते. सहाशे मीटर उंचीच्या पठारी गावात हा आकडा साडेनऊ मीटरच्या आसपास येतो. त्यातून तीस अंश तापमानाच्या पाण्याच्या वाफेचा दाब, म्हणजे जवळपास अर्धा मीटर, वजा होतो. नळीतील घर्षण, झडप उघडण्यास लागणारा जोर आणि दर हिसक्याला थांबलेले पाणी पुन्हा चालते करण्याचा खर्च निराळा. उरतात सहा-सात मीटर. जमिनीवर बसविलेला पंप व्यवहारात याहून खोल पाणी घेऊ शकत नाही, मग दांडा कितीही जोराने हाणा.

म्हणूनच विंधनविहिरीच्या हापशाचा दट्ट्या वर नसतो. सोलापूरच्या हातपंपाच्या रचनेवरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या साह्याने ‘इंडिया मार्क टू’ हा पंप तयार झाला. त्यात सिलिंडर खाली पाण्यात बुडवून ठेवतात, साधारणपणे २० ते ४५ मीटर खोलीवर. पाणी आपल्याच वजनाने त्यात शिरते आणि दट्ट्या ते वर उचलतो. उन्हाळ्यात पातळी सिलिंडरच्या तोंडाखाली गेली की पंपाच्या वाट्याला केवळ हवा येते. अशा वेळी वायसर बदलून काही साधत नाही. बोअर पुरेसे खोल असेल तर आणखी पाइप आणि दांडे जोडून सिलिंडर खाली सोडणे हाच उपाय ठरतो.

हापसा हा ‘पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट’ जातीचा पंप आहे. दर फेरीला ठरावीक घनफळ पुढे ढकलणाऱ्या या पंपांत गिअर आणि स्क्रू पंपही येतात. ते नळीतील हवाही उपसू शकतात आणि नेमका त्यामुळेच घोटाळा होतो. ते कितीही खोलवरून ओढतील, असे वाटू लागते. तोंडाशी पुरेसा दाब नसला की कप्पे अर्धवट भरतात, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना खडखडाट होतो. उपसा घटतो, झडपा व दाते झिजतात.

साखर कारखान्यांत मळी, म्हणजे मोलॅसिस, उपसताना याचा प्रत्यय येतो. मळी पाण्याच्या सुमारे १.४ पट जड आणि शेकडो-हजारो पट दाट. थंडीच्या रात्री तर ती अधिकच घट्ट होते. उपसा कमी पडला म्हणून पंपाची गती वाढविण्याचा मोह होतो, पण ते उलट्या दिशेचे पाऊल आहे. गतीबरोबर घर्षणही वाढते आणि तोंडाशी पोहोचणारा दाब आणखी घसरतो. मळी बेताची गरम करता येते. फार तापविली तर तिच्यातील साखरेचे विघटन होते. टाकी उंचावर ठेवणे, पंप तिच्या लगत बसविणे आणि तो सावकाश चालविणे अधिक फायद्याचे. त्याहून मोठा लाभ रुंद पाइपाचा आहे. इतक्या दाट द्रवात पाइपाचा व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच उपशाला होणारा घर्षणाचा तोटा सोळाव्या हिश्शावर येतो.