पारख करणाऱ्याचीच पारख

भिलाईच्या सेक्टर १० सारख्या पोलाद-वसाहतीत कॅल्शियमचे नाव निघाले, तर प्रथम नंदिनीच्या खाणीतील चुनखडी आठवावी, हे स्वाभाविकच होय. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. लोहखनिजातील मळ वेगळा काढण्यासाठी भट्टीत जी चुनखडी घालतात, ती मुख्यतः कॅल्शियमचेच संयुग असते. भट्टीला हे द्रव्य टनांच्या हिशेबाने लागते. भट्टीपाशी राबणाऱ्या माणसाच्या शरीरातही कॅल्शियम आहे. त्याची हाडे व दात त्याच्यामुळेच बळकट झालेले असतात. परंतु याच कॅल्शियमचा अत्यल्प अंश शरीरातील प्रत्येक पेशीत निरोप्याचे काम करीत असतो, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही.

लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर यांनी १८८३ साली दाखवून दिले की, बेडकाचे हृदय शरीराबाहेर धडधडत ठेवावयाचे तर भोवतालच्या द्रवात कॅल्शियम असावेच लागते. त्याचे कारण पुढे उलगडले. पेशीच्या बाहेर कॅल्शियम जितके असते, त्याच्या सुमारे दहा हजारांश एवढेच ते स्वस्थ पेशीच्या आत असते. संदेश येताच पेशीची सूक्ष्म द्वारे उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि स्नायू आकुंचन पावतो किंवा ग्रंथी पाझरते.

पण कॅल्शियम आत आले, हे पेशीला कळते कसे? त्यासाठी तिच्यापाशी पहारेकरी प्रथिने असतात. त्यांपैकी प्रमुख ते कॅल्मोड्युलिन. १९७० च्या सुमारास अमेरिकेत च्युंग व जपानमध्ये काकिउची यांनी त्याचा स्वतंत्रपणे शोध लावला. १४८ अमिनो आम्लांची ही इवलीशी साखळी कॅल्शियमचे चार कण धरून ठेवते, त्यासरशी आपला आकार पालटते आणि इतर प्रथिनांना कामास लावते. या प्रथिनाच्या जनुकात दोष असल्यास हृदयाची लय बिघडून कोवळ्या वयातही मृत्यू ओढवू शकतो, हे २०१२ पासून निदर्शनास आले आहे. तेव्हा हे प्रथिन पेशीत कोठे व किती आहे, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही.

पेशीतील सहस्रावधी प्रथिनांमधून नेमके एक हुडकण्यासाठी शास्त्रज्ञ प्रतिपिंडांचे साहाय्य घेतात. प्रतिपिंड महाराष्ट्राला नवे नाहीत. परळच्या हाफकिन संस्थेत घोड्यांना सर्पविष अल्प मात्रेने टोचून, त्यांच्या रक्तात निर्माण झालेल्या प्रतिपिंडांपासून सर्पदंशावरील औषध बनविण्यात येत असे. तीच युक्ती येथे निराळ्या हेतूने योजतात. हवे ते प्रथिन सशाला किंवा बकरीला टोचावयाचे, रक्तातील प्रतिपिंड वेगळे काढावयाचे, त्यांना चमकणारा रंग जोडावयाचा आणि ते पेशींवर सोडावयाचे. जेथे रंग चमकेल, तेथे ते प्रथिन आहे असे समजावयाचे.

कॅल्मोड्युलिनच्या बाबतीत मात्र एक विलक्षण अडचण उभी राहिली. शरीर प्रतिपिंड घडविते ते परक्याविरुद्ध. आणि कॅल्मोड्युलिन तर माणूस, ससा, बकरी अशा साऱ्या पृष्ठवंशी प्राण्यांत अगदी एकसारखे! सशाला ते आपलेच वाटते. म्हणून संशोधकांनी रासायनिक क्रियेने त्याचे रूप किंचित बदलले आणि मगच ते टोचले. आपले माणूस वेषांतर करून दारी यावे आणि घरच्यांनी त्यास परका समजावे, तसाच हा प्रकार.

पण अशा रीतीने मिळालेला प्रतिपिंड विश्वासार्ह असतोच असे नाही. कॅल्शियम धरणाऱ्या प्रथिनांचे कूळ मोठे आहे आणि भावंडांचे चेहरे सारखे असतात. प्रतिपिंडाने चुकून भलत्यालाच धरले, तर रंग तितकाच सुंदर चमकतो; निष्कर्ष मात्र खोटा ठरतो, आणि त्यावर उभारलेले वर्षावर्षांचे श्रम व सार्वजनिक पैसा वाया जातो. म्हणून त्याची परीक्षा घ्यावी लागते. शुद्ध कॅल्मोड्युलिन आधीच त्यात मिसळून पाहावे. मग पेशीतील खूण नाहीशी व्हावयास हवी. प्रथिने वजनानुसार अलग केली असता पट्टी योग्य ठिकाणी उमटावयास हवी. इतकेच नव्हे, तर कॅल्शियम असताना कॅल्मोड्युलिनची पट्टी जरा पुढे सरकते. तेही दिसावयास हवे. २०१५ साली शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन अशी मागणी केली की, संशोधनातील प्रत्येक प्रतिपिंडाची घडण नेमकेपणाने ज्ञात असावी, म्हणजे तो कोठेही, केव्हाही तसाच घडविता येईल.

या मागणीचे मर्म पोलादाच्या गावाला सहज कळावे. ओतलेल्या पोलादात कार्बन किती, हे सांगणारे यंत्र आधी ज्ञात नमुन्यावर पडताळून घेतात. त्यावाचून त्याच्या आकड्यावर कोणी रूळ पाडीत नाही. पेशीची परीक्षा करणाऱ्यानेही तोच शिरस्ता पाळावयास हवा. रूळ कच्चा निघाला तर गाडी घसरते. कच्च्या प्रतिपिंडाने घसरलेले ज्ञान मात्र पुष्कळ काळ कोणाच्या ध्यानातही येत नाही.