थंडीत पडणारा स्विच

पावसाळा सुरू झाला की घरातला ईएलसीबी वारंवार पडू लागतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. वायरमन येतो, ओल धरलेला एखादा बोर्ड उघडून सुकवतो आणि तक्रार मिटते. अमेरिकेत असाच प्रश्न थंडीत, घराच्या परसातल्या पोहण्याच्या तलावापाशी उभा राहतो. उन्हाळ्यात नवा पंप, नवा हीटर बसवलेला असतो. सारे सुरळीत चाललेले असते. पहिली कडाक्याची रात्र येते आणि सकाळी पंप बंद पडलेला आढळतो. हा दोष नेमका कुठे असतो आणि तो शोधायचा कसा, हे या लेखात पाहू. निदानाची ही पद्धत कोणत्याही विद्युत उपकरणाला लागू पडते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यापूर्वी तलावाच्या नळ्यांतले पाणी काढून टाकतात. टेक्साससारख्या दक्षिणेकडच्या राज्यांत मात्र तलाव वर्षभर चालू ठेवतात. तेथे हवेचे तापमान ३ ते ४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले की एक संवेदक पंप आपोआप सुरू करतो, कारण वाहते पाणी सहजासहजी गोठत नाही. पंप थांबला तर नळीत साचलेले पाणी गोठते आणि गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. मग नळ्या आणि पंपाचे आवरण तडकते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये हिमवादळात वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा असे नुकसान मोठ्या प्रमाणावर झाले. म्हणजे पंप थंडीत बंद पडणे ही केवळ गैरसोय नव्हे. म्हणूनच वैतागलेल्या घरमालकाच्या मनात येते, “हा सारखा पडणारा स्विचच काढून टाकला तर?”

तो स्विच तेथे का आहे? तो आपल्या ईएलसीबीचाच भाऊबंद. मोटारीकडे जाणारा विद्युतप्रवाह आणि तिच्याकडून परतणारा प्रवाह यांची तो सतत तुलना करतो. दोन्ही सारखे असतील तर ठीक. परतणारा प्रवाह कमी भरला, तर उरलेला भाग जमिनीत, पाण्यात किंवा एखाद्या माणसाच्या शरीरातून वाहतो आहे, असा त्याचा अर्थ. असे होताच तो क्षणार्धात वीज तोडतो. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनी १९६१ मध्ये हे साधन तयार केले. हातात धरलेली तार माणूस स्वतः सोडू शकेल असा प्रवाह किती, याचा त्यांनी अभ्यास केला होता. पुरुषांसाठी ही मर्यादा सरासरी १६ मिलिअँपिअरच्या आसपास आणि स्त्रियांसाठी त्याहून कमी आढळली. त्यामुळे अमेरिकेत हा स्विच ४ ते ६ मिलिअँपिअर गळतीलाच पडतो. आपल्या घरांत सामान्यतः ३० मिलिअँपिअरचे साधन असते. तेथील स्विच किती संवेदनशील आहे, हे यावरून लक्षात येईल.

आता थोडे गणित करू. तेथे प्रत्येक तारेचा जमिनीच्या सापेक्ष दाब १२० व्होल्ट असतो. ५ मिलिअँपिअर गळती होण्यासाठी रोध किती हवा? १२० भागिले ०.००५, म्हणजे २४,००० ओहम. चांगल्या मोटारीच्या वेटोळ्यांचा जमिनीशी रोध कित्येक दशलक्ष ओहम असतो. तो इतका खाली येण्यासाठी कोणी तरी वाट करून द्यावी लागते. ती वाट करून देते पाणी.

पण थंडीत पाणी येते कोठून? २० अंशांना १ घनमीटर हवा जास्तीत जास्त १७.३ ग्रॅम बाष्प सामावू शकते, तर ५ अंशांना फक्त ६.८ ग्रॅम. संध्याकाळी २० अंशांना हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर तिच्यात सुमारे १०.४ ग्रॅम बाष्प असते. रात्री तापमान ५ अंशांवर आले की दर घनमीटरमागे ३.६ ग्रॅम पाणी दव होऊन बाहेर पडणारच. मोटारीला हवा खेळण्यासाठी फटी असतात. चालू मोटार गरम राहते, म्हणून कोरडी राहते. थांबलेली मोटार थंड पडते आणि आतून ओलावते. नव्या कामात आणखी एक चूक हमखास आढळते. जमिनीखालून आलेल्या केबलच्या नळीचे तोंड बंद केलेले नसते. जमीन हवेपेक्षा उबदार असते. त्या नळीतली दमट हवा वर चढते आणि थंडगार पेटीत तिचे पाणी होते.

येथे एक घाईचा निष्कर्ष टाळायला हवा. “थंडीत मोटार जड चालते, जास्त प्रवाह ओढते, म्हणून स्विच पडतो” असे पुष्कळांना वाटते. थंडीत वंगण घट्ट होते हे खरे. परंतु जास्त प्रवाहाने पडणाऱ्या साध्या ब्रेकरमध्ये तापून वाकणारी द्विधातू पट्टी असते. थंड पट्टीला वाकायला अधिकच प्रवाह लागतो. म्हणजे थंडीने असा ब्रेकर उशिरा पडायला हवा, लवकर नव्हे. तेव्हा संशय प्रथम गळतीवरच घ्यावा.

काही वेळा तर दोषच नसतो. हवेतली उष्णता घेणारा हीट पंप, हवा सुमारे १० अंशांच्या खाली गेली की पुष्कळदा स्वतःहून थांबतो; त्याची रचनाच तशी असते. मिठापासून क्लोरीन करणारे यंत्र थंडीत “मीठ कमी” असे दाखवते. खाऱ्या पाण्याची वाहकता दर अंशामागे सुमारे २ टक्क्यांनी घटते. पाणी २५ वरून १० अंशांवर आले की ती जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होते. मीठ तेवढेच असते. यंत्र मात्र फसू शकते. भोळा मालक पोतेभर मीठ ओततो आणि वसंतात पाणी खारट होते.

निदानाचा क्रम साधा आहे. स्विच केव्हा पडतो याची आधी नोंद ठेवावी. चालू करताच, कोणत्याही हवेत पडत असेल, तर जोडणीत चूक असण्याची शक्यता अधिक. केवळ दमट, थंड पहाटे पडत असेल, तर ओल. नंतर मुख्य वीज बंद करून पंप, हीटर, दिवा अशी सर्व उपकरणे सोडवावीत आणि एकेक जोडून पाहावे. ज्याच्या जोडणीने स्विच पडतो, तो गुन्हेगार. त्याचा रोध मेगरने मोजतात. मात्र वेग बदलणाऱ्या नव्या पंपात इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो. तो अलग न करता मेगर लावला, तर मेगरच्या ५०० व्होल्टनी तो जळू शकतो. ही कामे परवानाधारक वायरमननेच करायची. घरमालकाने नोंदी ठेवाव्यात, त्याच सर्वांत उपयोगी ठरतात.

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. दोन पेन्सिलींची शिसे मीठपाण्यात बुडवून ९ व्होल्टची बॅटरी आणि मिलिअँपिअर मोजणारा मीटर एकसर जोडणीत जोडा. पाणी कोमट असताना वाचन घ्या, मग ग्लास बर्फात ठेवून पुन्हा घ्या. मीठ तेच असताना आकडा का घटला, हे विद्यार्थ्यांना शोधू द्या. घरच्या विजेवर मात्र असला कोणताही प्रयोग करू नये.

आता घरमालकाच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. स्विच काढला तर पंप चालेल, नळ्याही वाचतील. पण गळती तशीच राहील आणि उन्हाळ्यात मुले त्याच पाण्यात उतरतील. स्विच पडतो तेव्हा तो काही तरी सांगत असतो. ते ऐकून ओल शोधायची असते.