भिंतीची भेग सांगते तरी काय?

इमारत कोसळते एका क्षणात, पण तिची पडझड सुरू होते कित्येक वर्षं आधी. म्हैसूरच्या जुन्या वास्तूंनी हा धडा फार महागात शिकवला. तो आपल्या सिमेंट काँक्रीटच्या घरालाही तितकाच लागू आहे.

म्हैसूर म्हटलं की दसरा, राजवाडा, रेशमी साड्या आणि म्हैसूरपाक आठवतो. पण राजवाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर लॅन्सडाऊन बिल्डिंग नावाची एक लांबलचक वास्तू आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाऊन यांच्या म्हैसूरभेटीची आठवण म्हणून १८९२ मध्ये ती बांधली गेली. जुन्या पुस्तकांच्या दुकानांमुळे म्हैसूरच्या विद्यार्थ्यांना ती चांगलीच परिचयाची. २५ ऑगस्ट २०१२ रोजी तिचा एक भाग कोसळला आणि चार जणांचा जीव गेला.

चार वर्षांनी, २८ ऑगस्ट २०१६ रोजी, फुलं, भाज्या आणि कुंकवाच्या राशींसाठी प्रसिद्ध असलेल्या देवराज मार्केटचा उत्तरेकडचा भाग खाली आला. तिथं तर नूतनीकरणाचं काम सुरू होतं! मग वास्तू जपायची की पाडून तशीच नवी उभारायची, यावर तज्ज्ञांमध्ये दोन तट पडले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराणी विज्ञान महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीचा भाग पडला. पण इथं पडझडीची चाहूल लागताच विद्यार्थिनींना बाहेर काढण्यात आलं आणि मोठा अनर्थ टळला. इशारा ओळखला की माणसं वाचतात, हे सांगायला याहून वेगळं उदाहरण नको.

खरा शत्रू पाणी

या तिन्ही घटनांचे महिने पाहा. ऑगस्ट, ऑगस्ट आणि ऑक्टोबर. महाडची पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळून १६ जण गेले. घाटकोपरची इमारत २५ जुलै २०१७ रोजी पडली, त्यात १७ जणांचा बळी गेला. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी. घाटकोपरला तळमजल्यावरच्या फेरफारांकडे बोट दाखवलं गेलं. महाडची इमारत तर जुनीही नव्हती. पण आतून कमकुवत झालेल्या इमारतीला पावसाळा जड जातो, हे मात्र खरं.

‘म्हैसूरच्या त्या इमारती चुन्याच्या होत्या, आमची तर आरसीसी आहे,’ असं कुणी म्हणेल. पण चुना म्हणजे कच्चं काम नव्हे. म्हैसूरजवळचं कृष्णराजसागर धरण चुना-सुरखीत बांधलेलं आहे. १९११ मध्ये काम सुरू झालेलं हे धरण आजही कावेरीचं पाणी अडवून उभं आहे. चुन्याच्या इमारतीला मारते ती हेळसांड: तुंबलेलं पन्हाळं, भिंतीत उगवलेला पिंपळ, ओल्या भिंतीत रुतलेल्या तुळयांची कुजलेली टोकं. त्यात कुणी चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला तर आतली ओल बाहेर पडायची वाटच बंद होते. वरून भिंत चकचकीत दिसते आणि आतून पोखरत जाते.

काँक्रीटच्या पोटात काय घडतं?

काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण मात्र सोसत नाही. तो ताण घेण्यासाठी पोटात लोखंडी सळया असतात. ताजं काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२ ते १३ च्या आसपास. या वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही.

पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि ही अल्कता कमी करत जातो. पीएच ९ च्या खाली आला की सळईचं कवच जातं. समुद्रकाठी खारी हवा हेच काम लवकर उरकते. म्हणून मुंबई-कोकणातल्या घरांना जास्त जपावं लागतं. म्हैसूर समुद्रापासून दूर आहे, तिथं खारं वारं नाही. पण गळक्या गच्चीला आणि न्हाणीघराला समुद्र लागतो कुठं?

एकदा सळई गंजू लागली की ती फुगते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. हा फुगवटा काँक्रीटला आतून ढकलतो. आधी भेग पडते, मग पोपडा सुटतो, शेवटी खपली गळून सळई उघडी पडते. उघड्या सळईला पाणी आणि हवा आयतीच मिळते, मग नुकसान झपाट्यानं वाढतं.

भेगांची भाषा

प्रत्येक भेगेला घाबरायचं कारण नाही. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या केसाएवढ्या रेषा बहुधा गिलावा आकसल्यामुळे पडतात. वीटभिंत आणि बीम जिथं भेटतात तिथली सरळ रेघही बऱ्याचदा किरकोळ असते, कारण दोन्ही वस्तू ऊन-थंडीत वेगवेगळ्या हलतात.

सावध व्हायचं ते पुढच्या खुणांना. स्लॅब, बीम किंवा कॉलमवर सळईच्या रेषेत सरळ जाणारी भेग आणि तिच्याभोवती तांबूस डाग दिसले तर आत गंज आहे. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वाढणारी किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी भेग पाया खचल्याची असू शकते. बीमच्या टोकाजवळची तिरकी भेग, कॉलममधली उभी भेग, खाली झुकलेला स्लॅब किंवा अचानक अडकू लागलेलं दार ही दुखणी अंगावर काढायची नाहीत. त्याच दिवशी इंजिनिअर बोलवा.

भेग वाढते आहे का, हे घरीच पाहता येतं. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करा, बाजूला तारीख लिहा आणि दर महिन्याला पाहा. जुने मिस्त्री भेगेवर काचेची पट्टी चिकटवत. काच तडकली की भेग जिवंत आहे असं समजायचं.

छताला छोट्या हातोडीनं हलकेच टकटक करून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक. पोकळ, बद्द आवाज आला तर आत काँक्रीट सुटलेलं आहे. अशा जागेखाली पाळणा, पलंग किंवा जेवणाचं टेबल ठेवू नका.

पुढची तपासणी तज्ज्ञांची. रिबाउंड हॅमरनं पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो, ध्वनिलहरी सोडून आतल्या पोकळ्यांचा अंदाज येतो. फेनॉलफ्थॅलिनची चाचणी तर पाहण्यासारखी असते. ताज्या तोडलेल्या काँक्रीटवर हे द्रावण फवारलं की निरोगी भाग गुलाबी होतो, अल्कता गमावलेला भाग रंगहीन राहतो. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर तिचं कवच गेलं असं समजावं.

दुरुस्ती की रंगरंगोटी?

आपल्याकडे चूक होते ती इथंच. दिवाळी आली की पोपडा खरवडायचा, गंजक्या सळईवरच सिमेंट थापायचं, पुट्टी मारायची आणि रंग द्यायचा. गंज आत वाढतच राहतो आणि दोन-चार पावसाळ्यांत तोच तुकडा पुन्हा खाली येतो, कधी कुणाच्या डोक्यात.

खऱ्या दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. आधी गळती बंद करायची: गच्ची, पाइप, न्हाणीघर, वरच्या मजल्याची मोरी. मग स्लॅब-बीमला टेकू द्यायचा. सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत तोडायचं. सळई लख्ख होईपर्यंत घासायची, फार झिजली असेल तर जोडसळई घालायची. तिच्यावर गंजरोधक लेप, मग जुनं-नवं एकजीव करणारा थर आणि त्यावर पॉलिमर मिसळलेला मसाला किंवा मायक्रो-काँक्रीट. कॉलम खूपच दुबळा असेल तर त्याभोवती नव्या सळयांचं आणि काँक्रीटचं जॅकेट चढवतात. शेवटी किमान सात दिवस पाणी मारायचं, किंवा वापरलेल्या मसाल्याच्या सूचना पाळायच्या. ‘दोन दिवसांत काम करून देतो’ म्हणणाऱ्या ठेकेदाराला नमस्कार करून निरोप द्यावा!

टेकूशिवाय तोडफोड करू देऊ नका. जुन्या इमारतीचं पाडकामही जोखमीचंच. जानेवारी २०२५ मध्ये महाराणी महाविद्यालयाची जुनी इमारत पाडताना एका मजुराचा ढिगाऱ्याखाली मृत्यू झाला.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. प्रत्यक्षात वार्षिक सभेत हा विषय निघाला की ‘खर्च कोण करणार?’ या प्रश्नावर गाडी अडते. वरचा म्हणतो, गळती माझी नाही. खालचा म्हणतो, स्लॅब माझा एकट्याचा नाही. तोवर सळई कुणासाठी थांबत नाही. एका बीमची वेळेवर केलेली दुरुस्ती सगळ्या सभासदांनी मिळून सोसली तर फार जड जात नाही. तीच पाच वर्षं लांबवली तर इमारत रिकामी करायची वेळ येऊ शकते.

आणि हो, घर सजवताना भिंत पाडायची असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. कॉलम किंवा बीमला हात लावायचा नाही, मग हॉल थोडा लहान राहिला तरी चालेल.

पावसाळ्यापूर्वी आपण छत्र्या, रेनकोट काढतो, गहू-तांदूळ भरून ठेवतो. त्याच यादीत आणखी एक काम घाला. एका रविवारी बॅटरी आणि छोटी हातोडी घेऊन अर्धा तास घर फिरून पाहा. गच्चीची पन्हाळी साफ करा, छज्जांवरची रोपटी उपटा, छताचे डाग पाहा, भेगांवर तारखा घाला. काही शंकास्पद दिसलं तर ते रंगाखाली झाकू नका.