उलट्या फोटोतली शिवराई

ऑनलाइन लिलावात शिवराईचा फोटो उलटा दिसला की मी थांबतोच. विकणाऱ्याला तिच्यावरची अक्षरं वाचता आलेली नाहीत, एवढं त्यावरून कळतं. म्हणजे शीर्षकही त्याने कुठून तरी उचललेलं असणार. बहुतेक वेळा ते ठरलेलं असतं: ‘शिवाजी महाराजांच्या काळातलं दुर्मिळ नाणं, 1674’. मी फोटो उतरवून घेतो, सरळ फिरवतो आणि वाचायला बसतो.

एका बाजूला तीन ओळींत श्री, राजा, शिव. दुसऱ्या बाजूला दोन ओळींत छत्र, पति. राज्याभिषेकाच्या वेळी सुरू झालेला हा मजकूर पुढे दीडशेएक वर्षं तांब्यावर उमटत राहिला. नाव महाराजांचं, पण नाणं पेशवाईतलं, क्वचित कंपनी सरकारच्या अमलातलंसुद्धा. सगळा घोटाळा इथेच होतो. म्हणून मी आधी ‘छत्रपति’ची बाजू धरतो. मधून दोन आडव्या दांड्या गेलेल्या दिसल्या की ती दुदांडी शिवराई, उशिराची. ती जुन्या बाजारात आजही सहज मिळते. मग अक्षरं बघायची: ‘शिव’चं ‘सिव’ झालंय का, वळण सैल पडलंय का. वजनही विचारतो, कारण उशिराच्या शिवराया सहसा हलक्या भरतात. लिस्टिंगमध्ये वजन दिलेलं असेल तर तो विकणारा निम्मा तरी जाणकार समजावा.

खरी डोकेदुखी ‘शंभू’ची. संभाजी महाराजांच्या नाण्यावर ‘श्री राजा शंभू’ असतं आणि ते मिळणं कठीण, त्यामुळे झिजलेला प्रत्येक ‘शिव’ कुणाला ना कुणाला ‘शंभू’ वाटतो. हातोड्याने ठोकलेलं नाणं, त्यात तांब्याचा तुकडा ठशापेक्षा लहान. तिसऱ्या ओळीचा खालचा भाग काठाबाहेर गेलेला असतो, आणि ‘भू’चा ऊकार नेमका तिथेच असायचा. अशा वेळी ‘श’च्या डाव्या अंगाला बघावं. वेलांटीची उभी रेघ असेल तर विषय संपला, तो ‘शि’. डावी बाजूही काठाने खाल्ली असेल तर फोटोवरून कुणीही छातीठोक सांगू नये. मी एकदा ते केलं. ‘श’वरचा टपोरा ठिपका अनुस्वार समजून चांगली रक्कम मोजली. नाणं घरी आलं, दोन दिवस तेलात ठेवलं, तर ठिपका म्हणजे हिरव्या गंजाचा फोड निघाला आणि त्याच्या शेजारून वेलांटी वर आली. विकणाऱ्याला बोल लावायला जागा नव्हती; त्याने शीर्षकात प्रश्नचिन्ह टाकलेलं होतं.

अलीकडच्या नाण्यांत चुका सोप्या असतात. सालाखाली डायमंड म्हणजे मुंबई टाकसाळ, चांदणी म्हणजे हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. चांदणीचे कोपरे झिजले की उरतो ठिपका. मग 1984 चं नाणं ‘नोएडा, अतिदुर्मिळ’ म्हणून चढतं. नोएडाची टाकसाळ सुरू झाली 1988 साली!

परवा रात्री पुन्हा एक उलटी शिवराई दिसली. एकाच बाजूचा फोटो, ‘शिव’ ठसठशीत, अक्षरं बरी. लिलाव संपायला दोन दिवस होते. मागची बाजू वर ठेवून काट्यावरचा फोटो पाठवा, असं मी लिहिलं. सकाळी फोटो आला. काटा 8.7 ग्रॅम दाखवत होता, दोन्ही दांड्या स्पष्ट होत्या आणि नाणं पुन्हा उलटंच ठेवलं होतं. तोवर लॉटवर अकरा बोल्या लागल्या होत्या.