हातांचाही हिशोब मांडा

अमळनेरला साबण नवा नाही. 29 डिसेंबर 1945 रोजी स्थापन झालेल्या विप्रो कंपनीचा जन्म याच गावचा. आज जग तिला संगणकाच्या कामासाठी ओळखते. पण सुरुवात झाली ती वनस्पती तुपापासून, आणि मग '787' हा कपडे धुण्याचा साबण आला. साबणाशी गावाचे असे जुने नाते. पण तो रोज हाताळणाऱ्या आमच्या आयाबहिणींच्या हातांना किती रसायन लागते, याचा हिशोब घरात कोणी मांडत नाही. आम्ही पडलो कारकून. तेव्हा वहीत मांडतात तसाच मांडून पाहू.

या हिशोबाची कलमे चार: रसायन किती दाट, हाताचा किती भाग भिजला, किती वेळ आणि दिवसातून किती वेळा.

हात पाण्यातून काढला की कातडीवर 0.1 मिलिमीटर जाडीचा थर राहतो, असे तज्ज्ञ धरतात. मोठ्या माणसाच्या दोन्ही पंजांचे क्षेत्रफळ सुमारे 800 चौरस सेंटीमीटर. म्हणजे हातावर राहिले 8 मिलिलिटर, दीड चमचा पाणी. 10 लिटरच्या बादलीत 50 ग्रॅम पावडर टाकली असेल, तर त्या दीड चमच्यात पावडर येते 0.04 ग्रॅम. पण तीच पावडर ओल्या हातावर घेऊन निम्मे पाणी, निम्मी पावडर असा लगदा केला, तर तेवढ्याच थरात सुमारे 4 ग्रॅम. शंभरपट!

हे सगळे कातडीत मुरते असे नाही. बरेचसे धुऊन जाते. पण निरोगी कातडी किंचित आंबट असते आणि साबण, धुण्याचा सोडा खारा. मळासोबत कातडीचे तेलही निघून जाते. मग हात चरचरतात, भेगा पडतात, आणि भेगांतून रसायन सहज आत शिरते.

आता वेळ पाहा. एखादी भगिनी चार घरची धुणीभांडी करते. प्रत्येक घरी 40 मिनिटे धरली तरी 2 तास 40 मिनिटे झाली. स्वतःच्या घरचे काम वेगळेच. जर्मनीत कामावर रोज दोन तासांहून जास्त हात ओले राहिले, तर मालकाला कामगाराच्या कातडीची काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे प्रत्येक मालकीण फक्त आपलीच 40 मिनिटे पाहते. बेरीज होते ती त्या भगिनीच्या हातावर.

उपाय खर्चिक नाहीत. पावडर चमच्याने मोजून आधी पाण्यात विरघळवावी. अंगठी काढून ठेवावी, तिच्याखाली साबण अडकून राहतो. काम संपताच साध्या पाण्याने हात धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात व खोबरेल लावावे. रबरी मोजे घालावेत, पण आतून ओले झालेले नकोत. धुणीभांडी करणाऱ्या भगिनींनी मोजे मालकिणीकडे मागावेत. त्यात संकोच कसला? भेगा भरून येत नसतील तर सरकारी दवाखान्यात दाखवावे.

संडास धुण्याच्या अॅसिडला मात्र हा हिशोब लावू नये. ते थोडेही अंगावर उडाले तरी लगेच भरपूर पाण्याने धुवावे. अॅसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

14 एप्रिलच्या आधी घरोघरी गोधड्या-पडदे धुण्याची धांदल असते. या वेळी बादलीशेजारी एक चमचा ठेवावा, आणि घरातल्या पुरुषांनीही निम्मे धुणे आपल्याकडे घ्यावे. एकट्या बाईच्या हातावरचा भार तेवढा हलका होईल.