सेकंड हँड ‘हॉट हॅच’ घेताय? टोकन देण्याआधी हे तपासा!

टर्बो, गिअरबॉक्स, रिमॅप आणि महापुराच्या खुणा. कोल्हापूरकरांनी काय पाहावे?

कोल्हापूर : दिसायला साधी हॅचबॅक, पण बॉनेटखाली दमदार टर्बो इंजिन. अशा गाडीला ‘हॉट हॅच’ म्हणतात. १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार शोमध्ये आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमुळे हा प्रकार जगभर गाजला. भारतात त्याची छोटी रूपे आली, पण त्यातली बरीचशी काही वर्षांतच बंद झाली. त्यामुळे आता ही हौस भागवायची तर अनेकांना सेकंड हँड बाजाराकडेच वळावे लागते.

अडचण अशी, की अशी गाडी घेणारा पहिला मालकही वेगाचा शौकीन असतो. गाडी चकाचक दिसली तरी इंजिन आणि गिअरबॉक्सने काय सोसले आहे, ते वरून कळत नाही. घाईत घेतलेल्या गाडीचा दुरुस्ती खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

कोणत्या गाड्या मिळतात?

• फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय : २०१३ मध्ये १.२ लिटर टर्बो आणि ७ गिअरच्या डीएसजीसह आली. २०२० पासून १.० लिटर इंजिन. २०२२ मध्ये पोलो भारतात बंद.
• अबार्थ पुंटो : २०१५ मध्ये आली. १.४ लिटर, १४५ पीएस. फियाटने नंतर भारतातील विक्री थांबवली.
• मारुती बलेनो आरएस : २०१७ मध्ये आली. १.० लिटर बूस्टरजेट, १०२ पीएस.
• टाटा टियागो जेटीपी : २०१८ मध्ये आली. टाटा आणि कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह यांची संयुक्त निर्मिती.
• ह्युंदाई आय २० एन लाइन : २०२१ मध्ये आली. १.० लिटर टर्बो, १२० पीएस.

बंद झालेल्या गाडीबाबत एक काम आधी करा. बंपर, हेडलाइट, सस्पेन्शन आणि टर्बो यांचे सुटे भाग मिळतात का, किती दिवसांत आणि कितीला, हे सर्व्हिस सेंटरला विचारा. गाडी स्वस्त का मिळते आहे, याचे उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळते.

गाडी थंड असतानाच बघा

गाडी पाहायला जाताना ‘आधी सुरू करून ठेवू नका’ असे मालकाला सांगा. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागले तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. टर्बो इंजिनचे दुखणे थंड स्टार्टला लवकर उघडे पडते.

• निळसर धूर : इंजिन ऑइल जळते आहे. टर्बोचे सील किंवा पिस्टन रिंग यांची शंका घ्या.
• थांबत नसलेला पांढरा धूर, गोडसर वास : कूलंट इंजिनात जात असण्याची शक्यता.
• काळा धूर : पेट्रोल जास्त जळते आहे. सेन्सरचा दोष किंवा चुकीचे ट्यूनिंग असू शकते.

टर्बो प्रचंड वेगाने फिरतो आणि त्याला वंगण मिळते ते इंजिन ऑइलचेच. म्हणून ऑइल वेळेवर बदलल्याच्या पावत्या मागा. ‘घरचीच गाडी, सगळे ओळखीच्या गॅरेजमध्ये केले’ हे उत्तर पुरेसे नाही. चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या नोंदी पाहता येतात. मीटर मागे फिरवला असेल तर तोही तिथेच उघडा पडतो.

पन्हाळ्याचा चढ चढवा

शहरातली एक फेरी मारून गाडी कळत नाही. पन्हाळ्याच्या चढाला न्या. मोठ्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला, पण गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच घसरतो आहे. टेम्परेचरच्या काट्यावर लक्ष ठेवा. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरले तर डिस्क तपासून घ्या.

१.२ लिटरच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये कोरड्या क्लचची डीएसजी आहे. गर्दीत हळू चालवताना धक्के, गिअर बदलताना हिसका किंवा डॅशबोर्डवर लुकलुकणारे गिअरचे चिन्ह दिसले तर सावध व्हा. तिचा मेकॅट्रॉनिक युनिट हा भाग महाग आहे. रिव्हर्समध्येही गाडी हळूहळू चढावर घेऊन पाहा.

बलेनो आरएससाठी वेगळी चौकशी हवी. व्हॅक्यूम पंपातील संभाव्य दोषामुळे ब्रेक पेडल दाबायला जास्त जोर लागू शकतो, म्हणून मारुतीने एप्रिल २०२३ मध्ये ७,२१३ बलेनो आरएस परत बोलावल्या होत्या. त्या गाडीचे हे काम झाले आहे का, ते चेसिस नंबरवरून विचारा.

रिमॅप केलेली आहे का?

इंजिनाच्या कॉम्प्युटरमधील सेटिंग बदलून ताकद वाढवणे म्हणजे रिमॅप. त्याने क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बोवर ताण वाढतो, वॉरंटीही धोक्यात येते. विकण्याआधी मूळ सेटिंग पुन्हा टाकता येते, म्हणून केवळ मालकाच्या शब्दावर जाऊ नका. जाणकार फिटरकडून स्कॅनर लावून घ्या. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, वेगळा एअर फिल्टर, खाली बसवलेले सस्पेन्शन या जोडीच्या खुणा आहेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हेच स्पष्ट केले. गाडी नावावर झाल्यावर दंड आणि विम्याचा वाद नव्या मालकाच्या गळ्यात पडतो.

महापुरात बुडालेली तर नाही?

कोल्हापुरात ही तपासणी टाळून चालणार नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळी, नागाळा पार्क परिसरात पाणी शिरले. सांगलीतही तीच स्थिती होती. पुरातली गाडी धुऊन-पुसून चमकवता येते, पण वायरिंगमधला गंज वर्षा-दोन वर्षांनी डोके वर काढतो.

• सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला गाळाचा डाग दिसतो का?
• मॅटखालचा गालिचा, स्टेपनीची जागा, सीटच्या रुळांचे बोल्ट तपासा. तिथला गंज बोलका असतो.
• फ्यूज बॉक्समध्ये माती, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का?
• एसी बंद ठेवून काचा लावा. कुबट वास येतो का?
• विमा पॉलिसीतील ‘नो क्लेम बोनस’ पाहा. एकच मालक असूनही त्या वर्षांनंतर तो शून्यावर आला असेल, तर क्लेम कशाचा घेतला, हे विचारा.

कागदपत्रांत काय पाहावे?

आरसीवरील चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरील नंबरांशी जुळवा. कितवा मालक, कर्जाचा बोजा आणि विम्याची मुदत एम-परिवहन ॲपवर पाहा. थकीत ई-चलन विक्रेत्याकडूनच भरून घ्या. कर्ज फिटले असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात.

निपाणी, बेळगाव किंवा गोव्याची गाडी स्वस्त वाटते. मात्र तिथल्या आरटीओची एनओसी, इथला कर आणि ‘एमएच ०९’ पासिंगचा खर्च धरूनच हिशेब करा.

गाडी घेतल्यावर ३० दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज करा. विमा बदलून घेण्यासाठी १४ दिवसांची मुदत असते. विमा जुन्याच नावावर राहिला, तर अपघातात आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो.

कुठे घासाघीस, कुठे नकार?

टायर, ब्रेक पॅड, बॅटरी, किरकोळ डेंटिंग-पेंटिंग किंवा सस्पेन्शनचे बुश यांचा खर्च काढून किंमत कमी करून घेता येते. मात्र निळा धूर, हिसके देणारा गिअरबॉक्स, पुराच्या खुणा, न जुळणारे नंबर किंवा तपासणीला नकार देणारा विक्रेता, यातले एकही असेल तर गाडी कितीही आवडली तरी सोडून द्या. टोकन द्यायचे ते फिटरने लिफ्टवर चढवून खालून गाडी पाहिल्यानंतरच. आणि ठरलेल्या किमतीबाहेर पहिल्या वर्षाच्या देखभालीसाठी काही रक्कम हाताशी राहत नसेल, तर एक पायरी खालची, साध्या इंजिनाची गाडी घेणेच शहाणपणाचे.